युद्धातले सैनिक, युद्धबंदी आणि राष्ट्रीय सन्मान: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. मुक्तिदिन जवळ आलेला असतो, शाळांना भाषणे हवी असतात आणि माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. पेटीत एखादे पदक, एखादा पिवळा पडलेला कागद, कधी पोर्तुगीज शिक्का मारलेली कोर्टाची नोटीस सापडते. मग फोन येतो: "हे काय आहे, आणि याचे काय करायचे?" यातले निम्मे प्रश्न एकाच घोळातून येतात. लढलेला, पकडला गेलेला आणि तुरुंगात टाकलेला हे तिघे आपण बोलताना एकाच माळेत ओवतो. कागदावर मात्र ते तीन वेगळे लोक आहेत.

१. शौर्य पुरस्कार एकूण किती, आणि त्यांत वरचा-खालचा क्रम कसा?

मुख्य पुरस्कार सहा. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. ज्येष्ठतेचा क्रम असा: परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर, शौर्य. त्यांच्याखाली सेना, नौसेना आणि वायुसेना पदके येतात.

पहिली तीन २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला लागू धरली गेली. म्हणून १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या जवानांनाही ती मिळाली. दुसरी तीन १९५२ ची. तेव्हा त्यांना अशोक चक्र वर्ग एक, दोन आणि तीन म्हणत. आजची नावे १९६७ पासूनची. जुन्या कागदावर "अशोक चक्र वर्ग तीन" दिसले तर ते आजचे शौर्य चक्र समजावे. या एका ओळीवरून एका घरात दोन भावांची वर्षभर हुज्जत चालली होती.

२. आमच्या घरी आजोबांचे पदक आहे. म्हणजे त्यांना शौर्य पुरस्कार मिळाला होता ना?

बहुधा नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. सैनिकाच्या छातीवरची बरीचशी पदके सेवेची असतात. अमुक मोहिमेत, अमुक काळात तो हजर होता, एवढे ती सांगतात.

पदक हातात घ्या आणि भिंगाखाली त्याची कड बघा. बऱ्याच पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून-पुसून लखलखीत करायचा मोह आवरा, नाहीतर तीच अक्षरे जातात. मग फितीवर धातूची आडवी पट्टी आहे का ते पाहा. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर मोहिमेच्या नावाची पट्टी लावतात. जम्मू-काश्मीर, नागा हिल्स यांच्यासारखीच "गोवा १९६१" अशीही पट्टी आहे. या पदकाच्या दर्शनी बाजूवर भवानी तलवार आहे, त्यामुळे ते ओळखायला सोपे. पट्टीवर गोवा असेल तर तुमचे आजोबा ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे १९६१ च्या गोवा मुक्तीच्या लष्करी मोहिमेत होते.

शौर्य पुरस्कार असेल तर त्यासोबत त्याचे मानपत्रही असते. शिवाय शौर्य पुरस्कार राजपत्रात प्रसिद्ध होतात, त्यामुळे घरचा कागद गहाळ झाला तरी पुरावा उरतो.

३. परमवीर चक्राचा आराखडा एका मराठी बाईंचा, हे खरे का?

खरे. सावित्री खानोलकर जन्माने युरोपीय, पण लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. काशाच्या वर्तुळावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृती, मध्ये राजमुद्रा आणि वर जांभळी फीत. वज्र म्हणजे दधीची ऋषींच्या अस्थींचे, त्यामुळे निवड किती नेमकी होती ते सांगायला नको. योगायोग असा की पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर.

४. गोव्याचा कोणी परमवीर आहे का?

आजवर एकवीस परमवीर झाले, त्यांतले चौदा मरणोत्तर. गोव्याच्या सगळ्यात जवळचे नाव राम राघोबा राणे यांचे. गोव्याच्या दक्षिण सीमेवरचा पोळ्याचा नाका ओलांडून कारवारच्या बाजूला गेले की त्यांचा मुलूख. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलाचे हे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला, तोही जखमी अवस्थेत आणि गोळीबारात. ते जिवंतपणी परमवीर ठरले आणि १९९४ पर्यंत जगले. कारवारला समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. गोव्यातून तिकडे नेहमी जाणे-येणे असते, तर एकदा थांबून बघावा.

५. आजोबांना पुरस्कार मिळायला हवा होता. आम्ही आता अर्ज करू शकतो का?

घरच्यांच्या अर्जावर शौर्य पुरस्कार मिळत नाही. शिफारस पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडून सुरू होते, वरच्या कमांडमधून सेनेच्या मुख्यालयात, तिथून संरक्षण मंत्रालयाच्या समितीकडे आणि शेवटी राष्ट्रपतींकडे जाते. प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी नावे जाहीर होतात. प्रसंग पाहिलेले साक्षीदार आणि त्या वेळची नोंद यांवर सगळे उभे असते. साठ वर्षांनी दोन्ही सापडणे अवघड.

मात्र सेवा पदक मिळायचे राहून गेले असेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जरूर लिहा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) प्रत जोडा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. मी स्वतः एका कार्यालयात मूळ डिस्चार्ज बुक ठेवून आलो होतो. ते परत मिळवायला तीन खेपा झाल्या, आणि तिसऱ्या खेपेला ते दुसऱ्याच माणसाच्या फायलीत निघाले.

६. युद्धबंदी नेमके कोणाला म्हणतात?

युद्धात शत्रूच्या हाती सापडलेला सशस्त्र दलाचा माणूस, आणि कायद्याने त्याच्या बरोबरीने धरलेले काही लोक. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार यासाठीच आहे. युद्धबंदीने स्वतःचे नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढेच सांगायचे बंधन असते. केवळ लढला म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही. लढाई थांबली की त्याला विनाविलंब परत पाठवायचे असते. हा शेवटचा नियम कागदावर जितका सरळ तितका व्यवहारात वाकडा. १९७१ च्या युद्धानंतर भारताकडे सुमारे ९३,००० पाकिस्तानी बंदी होते. सिमला करार जुलै १९७२ चा, पण त्यांच्या परतीचा मार्ग ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानेच मोकळा झाला.

७. युद्धबंदी झालेल्या भारतीय सैनिकाला त्याबद्दल वेगळे पदक मिळते का?

नाही. अमेरिकेत १९८५ पासून युद्धबंद्यांचे स्वतंत्र पदक आहे. आपल्याकडे कैद भोगल्याबद्दल असे पदक नाही. पकडले जाण्याआधी किंवा कैदेत असताना त्याने काय केले, त्याची दखल घेतली जाते.

विंग कमांडर अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानच्या हाती सापडले आणि १ मार्चला परतले. त्यांना वीर चक्र मिळाले ते त्या दिवशीच्या हवाई झुंजीसाठी. कैदेतली त्यांची शांत मुद्रा साऱ्या देशाने पाहिली, पण चक्र त्या मुद्रेचे नव्हे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर १९७१ मध्ये पकडले गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते दोन साथीदारांसह निसटले आणि थेट अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा सापडले. तिथून सुटका थोडक्यात हुकली. त्यांचे वायुसेना पदक मात्र याआधीचे, १९६५ च्या युद्धातले.

८. शत्रूच्या हाती सापडला म्हणजे डाग लागतो, पुरस्कार मिळत नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

पारावरच्या गप्पांत हे फार ऐकू येते. याला उत्तर म्हणून १९६२ ची दोन नावे पुरेत.

सुभेदार जोगिंदर सिंग, पहिली शीख पलटण. २३ ऑक्टोबर १९६२ ला तवांगच्या बाजूला त्यांच्या मूठभर जवानांनी चिनी हल्ल्याच्या लाटा परतवल्या. दारूगोळा संपल्यावर ते संगिनी घेऊन भिडले. जखमी सुभेदार पकडले गेले आणि चिनी कैदेतच वारले. म्हणजे मृत्यूच्या वेळी ते युद्धबंदी होते. मरणोत्तर परमवीर चक्र.

मेजर धनसिंग थापा, आठवी गुरखा रायफल्सची पहिली पलटण. तीनच दिवस आधी, २० ऑक्टोबरला, लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठच्या सिरिजाप चौकीवर ते होते. चौकी पडली, कोणी वाचले नाही असे समजले गेले आणि थापांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. घरी अंत्यविधीही उरकले. नंतर कळले की मेजर चीनच्या कैदेत जिवंत आहेत. मे १९६३ मध्ये ते परतले आणि "मरणोत्तर" हा शब्द मागे घ्यावा लागला. चक्र तसेच राहिले, आणि ते २००५ पर्यंत जगले.

कारगिलच्या वेळी ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव यांच्या बाबतीतही "मरणोत्तर"चा असाच घोळ झाला. ते तेव्हा रुग्णालयात होते.

९. आमचे पणजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. ते युद्धबंदी ठरतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर: नाही, ते स्वातंत्र्यसैनिक ठरतात.

गोंधळाचे कारण त्यांच्याच कागदांत आहे. पोर्तुगीज राजवटीने गोव्यातल्या सत्याग्रहींवर आणि क्रांतिकारकांवर प्रादेशिक लष्करी न्यायालयात खटले चालवले. कागदावर "मिलितार" हा शब्द दिसतो आणि नातवंडांना वाटते, लष्करी न्यायालय म्हणजे युद्धबंदी. खरे तर उलट आहे. युद्धबंदी मानले असते तर लढल्याबद्दल शिक्षाच देता आली नसती (प्रश्न ६). लिस्बनच्या लेखी हे लोक आपलेच बंडखोर नागरिक होते. म्हणून तर आग्वाद, रेइश मागूश, आणि काहींच्या नशिबी थेट पोर्तुगालमधला पेनिशचा किल्ला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे या सगळ्यांना पेनिश दाखवले गेले.

सर्वांत बोचरे उदाहरण मोहन रानडे यांचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या मे महिन्यात भारताने पोर्तुगीज सैनिक परत पाठवले. रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. पोर्तुगालच्या दृष्टीने ते सैनिक नव्हते, गुन्हेगार होते. पुढे २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे नागरी सन्मान.

तुमच्या पणजोबांसाठी पाहायचे ते १९७२ चे ताम्रपत्र आणि स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन. केंद्राच्या योजनेत साधारणपणे किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिने आहे. गोवा मुक्तिसंग्राम या योजनेत धरला आहे. राज्य सरकारची योजना वेगळी, तिचा अर्जही वेगळा. कोर्टाचे पोर्तुगीज कागद टाकू नका, तुरुंगवासाच्या तारखांचा पुरावा तिथेच असतो.

१०. मग युद्धबंदी आणि स्वातंत्र्यसैनिक एकच माणूस कधीच असू शकत नाही?

असू शकतो, आझाद हिंद सेनेमुळे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले तेव्हा ब्रिटिश भारतीय सैन्यातले हजारो जवान जपान्यांचे युद्धबंदी झाले. त्यांतले अनेक पुढे आझाद हिंद सेनेत गेले. त्यांना स्वतंत्र भारताने स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान दिला, पेन्शनही दिली. जे कैदेतच राहिले त्यांच्या वाट्याला ब्रिटिशांची महायुद्धाची पदके आली. मुंबईला जाऊन ब्रिटिश सैन्यात भरती झालेले गोवेकर होतेच, तेव्हा पेटीत राजाचा मुखवटा असलेले पदक निघाले तर ते १९४७ च्या आधीचे समजा. प्रश्न १ मधल्या पुरस्कारांशी त्याचा संबंध नाही.

११. १९६१ मध्ये पकडलेल्या पोर्तुगीज सैनिकांचे काय झाले? त्यांना त्यांच्या देशाने मान दिला का?

नावेलीच्या, वास्कोच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या म्हाताऱ्याजवळ बसा, छावणीची आठवण निघतेच. तारेच्या कुंपणाआडचे पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, बघायला शाळेतली पोरे जायची.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण जायचे नाही, पोर्तुगीज सैनिक एकतर जिंकेल किंवा मरेल. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी तो मानला नाही. हजारो माणसे आणि पणजीसारखे शहर उगाच जाळण्यात काही अर्थ नाही हे त्यांनी ओळखले. १९ डिसेंबर १९६१ च्या रात्री वास्कोला, मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात, त्यांनी शरणागतीवर सही केली. सैनिक सुमारे पाच महिने इथे बंदी होते. नंतर विमानांनी कराची आणि तिथून जहाजांनी लिस्बन.

तिथे हार-तुरे नव्हते, लष्करी पोलीस उभे होते. १९६३ मध्ये वासालो ई सिल्व्हांसह काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकले. १९७४ ची क्रांती झाली, सालाझारची राजवट कोसळली, तेव्हा कुठे त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले होते, आणि गोवेकरांनी त्यांचे स्वागत केले. जिंकलेल्यांनी पाहुणचार करावा आणि स्वतःच्या सरकारने दार लावावे, असा हा माणूस. माझे मत विचाराल तर त्या रात्री त्याने गोव्यावर उपकारच केले, पण मुक्तिदिनाच्या भाषणात हे वाक्य घ्यायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे.

१२. गोवा मुक्तीत किती भारतीय जवान गेले? त्यांचे स्मारक कुठे?

बावीस. त्यांतले सात नौसैनिक अंजदीव बेटावर. हे बेट कारवारसमोर असले तरी गोव्याच्या हद्दीत येते. आयएनएस त्रिशूलवरून उतरलेल्या तुकडीवर तिथे गोळीबार झाला. त्यांचे स्मारक वास्कोजवळ नौदलाच्या आयएनएस गोमंतक तळावर आहे. तळ नौदलाचा, त्यामुळे उठून कधीही जाता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्याग चक्रात स्वतंत्र भारतासाठी पडलेल्या सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा ती २५,९४२ होती.

पत्रादेवीचे स्मारक आणि पणजीच्या आझाद मैदानावरचे हुतात्मा स्मारक सैनिकांचे नाही, सत्याग्रहींचे आणि स्वातंत्र्यसैनिकांचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, पत्रादेवीचे स्मारक ही त्यांची आठवण.

१३. "शहीद" हा सरकारी दर्जा मिळवायला कुठे अर्ज करायचा?

कुठेच नाही. आपण, वर्तमानपत्रे, पुढारी सगळे तो शब्द वापरतो, पण सैन्याच्या नियमांत तसा दर्जा नाही. तिथे "बॅटल कॅज्युअल्टी" अशी नोंद होते आणि कुटुंबाचे पेन्शन व इतर हक्क त्या नोंदीवर ठरतात. "शहीद प्रमाणपत्र काढून देतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर दारातूनच परत पाठवा.

१४. पुरस्कारासोबत पैसे किती मिळतात?

केंद्राचा मासिक भत्ता १ ऑगस्ट २०१७ पासून दुप्पट झाला. तेव्हा ठरलेले आकडे: परमवीर चक्राला २०,००० रुपये, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना पदकाला २,०००. तोच पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला तर नवे चक्र देत नाहीत, फितीवर "बार" चढतो आणि त्याचाही भत्ता मिळतो. जनरल अरुणकुमार वैद्य यांना महावीर चक्र १९६५ ला आणि त्यावर बार १९७१ ला मिळाला. परमवीर, महावीर आणि वीर चक्र विजेत्यांच्या पेन्शनवर आयकर नाही.

राज्ये आपापले रोख पुरस्कार देतात, ते राज्यागणिक वेगळे. गोव्यातल्या रकमेसाठी राज्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. रहिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा, तिथेच गाडी अडते.

१५. विजेत्याच्या पत्नीने पुनर्विवाह केला तर भत्ता बंद होतो का?

नाही. पूर्वी अट होती की पुनर्विवाह दिवंगत पतीच्या भावाशीच केला तर भत्ता चालू राहील. ही अट २०१७ मध्ये रद्द झाली. ती इतकी वर्षे टिकली हेच नवल.

१६. १९७१ पासून बेपत्ता असलेल्या सैनिकांना काय म्हणायचे, युद्धबंदी की हुतात्मा?

सरकारच्या यादीत १९७१ च्या युद्धातले ५४ जण बेपत्ता आहेत. ते पाकिस्तानच्या कैदेत आहेत असे भारत म्हणतो, पाकिस्तान नाकारतो. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, पण कोणाचीही ओळख पटली नाही. त्यामुळे ते ना परत आलेले, ना गेलेले. अशा घरच्यांशी बोलताना "होते" म्हणू नका, "आहेत" म्हणा. एका माउलीने मला ते शिकवले.

१७. शत्रूने स्तुती केली तर ती मोजतात का?

भारतीय पुरस्कारांची शिफारस प्रश्न ५ मधल्या वाटेनेच जाते. उलट्या बाजूचे एक उदाहरण मात्र सांगण्यासारखे. १९९९ मध्ये टायगर हिलवर पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान लढता लढता पडला. ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याच्या शौर्याबद्दल एक चिठ्ठी लिहून मृतदेहाच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्य पुरस्कार दिला. "कर्नल" हे त्याचे नाव होते, हुद्दा नव्हे. याबद्दलही दर वर्षी कोणीतरी विचारतेच.

१८. नेमप्लेटवर "वीर चक्र" लिहावे का? आणि आजोबांचे पदक मी लावू का?

विजेत्याने स्वतः लिहायला हरकत नाही. राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब रद्द केले, पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मान त्यातून वगळले. पद्म पुरस्काराचे तसे नाही. ते नावाच्या मागे-पुढे लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले.

नातवाने पदक लावायचे असेल तर स्मारकावर किंवा श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, आणि छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावले त्याची. फीत विरली असेल तर नवी घ्या, पण जुनी फेकू नका. एका घरी तीच फीत देव्हाऱ्यातल्या समईच्या दांड्याला बांधलेली पाहिली होती. तेलाने काळी झाली होती, तरी कडेची केशरी रेघ अजून दिसत होती. त्यावरूनच आम्ही पदक ओळखले.